मोटर न्यूरॉन आजार न्यूरोफिलामेंट प्रथिनं बिघडल्यामुळेच होतो का?

बहुतेक रुग्णांत नाही. न्यूरोफिलामेंटचा बिघाड हे आजाराचं मूळ कमी आणि चेतापेशी मोडत असल्याची खूण जास्त आहे. ही प्रथिनं म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूच्या, म्हणजेच अ‍ॅक्सॉनच्या आतला सांगाडा, त्याची जाडी तीच राखतात. मज्जारज्जूपासून पायापर्यंत जाणारा एकेक अ‍ॅक्सॉन जवळपास मीटरभर लांब असतो, आणि पेशीच्या मुख्य भागात तयार झालेले हे धागे त्यातून मुंगीच्या पावलांनी सरकतात, दिवसाला फार तर मिलिमीटरभर! एएलएसमध्ये, म्हणजे या आजाराच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, अ‍ॅक्सॉनच्या सुरुवातीलाच त्यांचे गुंते साचलेले सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. तरी एनईएफएच या त्यांच्या जनुकातले बदल मोजक्याच रुग्णांत सापडलेत; बहुतेकांच्या पेशींत साचतं ते टीडीपी-४३ हे वेगळंच प्रथिन, २००६ साली ओळखलं गेलेलं. अ‍ॅक्सॉन मोडला की न्यूरोफिलामेंटचे तुकडे पाठीच्या पाण्यात आणि रक्तात उतरतात, ‘एनएफएल’ (न्यूरोफिलामेंट लाइट) चाचणी तेच मोजते. एसओडी१ जनुकातल्या बदलामुळे होणाऱ्या एएलएसवरच्या टोफर्सेन औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये त्वरित मंजुरी मिळाली, तीही ही पातळी उतरली म्हणून. मात्र नुसतं एनएफएल वाढलं म्हणून एएलएस ठरत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, पक्षाघात किंवा डोक्याला मार लागल्यावरही ते वाढतं.