कर्नलचा सोर्स कुठे ठेवावा आणि बिल्ड कुठे करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला कॉलेजात प्रोजेक्टसाठी लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बिल्ड करायचाय, म्हणजे सोर्स कोडपासून स्वतः तयार करायचाय. लॅपटॉपवर उबुंटू, एसएसडी 256 जीबीची आणि तीही अर्धी विंडोजकडे. जुनी गाइड ‘/यूएसआर/एसआरसी/लिनक्स’ सांगते, मित्र म्हणतो पेनड्राइव्हवर टाक.

दोघांचंही ऐकू नका. सोर्स तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. कर्नलसोबत येणारी रीडमी फाइलच वर्षानुवर्षं सांगत आलीय की ती जुनी जागा वापरू नका, कारण तिथे सिस्टिमच्या लायब्ररींसाठी लागणारे हेडर (कोडच्या घोषणांच्या फाइली) असू शकतात. शिवाय तिथे लिहायला रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) लागतो, आणि कंपाइल करायला रूट लागतच नाही. सूडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणं) फक्त शेवटच्या दोन पायऱ्यांना: मॉड्यूल (कर्नलचे लागतील तेव्हा लोड होणारे भाग, जसे ड्रायव्हर) बसवताना आणि कर्नल बसवताना. एकदा जरी चुकून सूडो लावून मेक (बिल्ड करणारी कमांड) चालवलंत, तर रूटच्या मालकीच्या फाइली मागे राहतात आणि पुढच्या वेळी ‘परमिशन डिनाइड’ येतं.

पेनड्राइव्ह बहुतेक एक्सफॅट या फाइल सिस्टिमचा असतो. त्यात सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) बनत नाहीत आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरांत फरक केला जात नाही. कर्नलच्या नेटफिल्टर (नेटवर्क पॅकेट गाळणारा भाग) फोल्डरात डीएससीपी नावाच्या दोन सी-फाइली आहेत: एकीत ही चार अक्षरं कॅपिटल, दुसरीत स्मॉल. एक्सफॅटवर एक दुसरीला गिळते. जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून पेनड्राइव्ह आणलाच असेल तर एक्स्ट-4 (लिनक्सची फाइल सिस्टिम) करून चालेल, पण 80,000 हून जास्त छोट्या फाइली त्यावरून वाचायच्या म्हणजे रडतखडत काम.

फोल्डरच्या नावात स्पेस किंवा कोलन नको, मेक तिथेच थांबतं. मराठी नाव दिलंत तरी ‘माझा कर्नल’ असं तोडून नको.

आता खरी सोय. सोर्स एका फोल्डरात, बिल्ड दुसऱ्यात. मेकला ‘ओ=’ लिहून बिल्डच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, आणि तो प्रत्येक मेकला द्यायचा, इन्स्टॉलच्या वेळीसुद्धा. एकाच सोर्सवरून दोन वेगळे कॉन्फिग (कर्नलच्या सेटिंग्ज) करता येतात आणि बिल्ड फोल्डर उडवला तरी सोर्स स्वच्छ. सोर्समध्ये आधी एकदा बिल्ड झालं असेल तर मेक ‘सोर्स ट्री इज नॉट क्लीन’ म्हणून अडतं. तिथे ‘मेक एमआरप्रॉपर’ (सोर्स पूर्ण साफ करणारी कमांड) चालवा, पण आधी ‘.कॉन्फिग’ ही सेटिंग्जची फाइल बाजूला कॉपी करा, ती पुसली जाते.

जागा: सोर्स उघडल्यावर दीड जीबीच्या आसपास. गिटमधून (कोडचा इतिहास ठेवणारं टूल) घेताना सगळा इतिहास नको असेल तर ‘डेप्थ 1’ने क्लोन करा, म्हणजे फक्त ताजी प्रत उतरते. उबुंटूचं कॉन्फिग जसंच्या तसं घेतलंत, डीबग इन्फोसकट (चुका शोधायला लागणारी जादा माहिती), तर बिल्ड 20 जीबी सहज खातं. डीबग इन्फो बंद करा आणि ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरा. ते फक्त त्या क्षणी लोड असलेले मॉड्यूल ठेवतं, म्हणून वायफाय डाँगल, माउस, प्रोजेक्टचं बोर्ड, सगळं आधी जोडून घ्या. उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये ‘कॅनॉनिकल-सर्ट्स’ची फाइल सापडत नाही अशी एरर येतेच, कॉन्फिगमधल्या ट्रस्टेड कीज आणि रिव्होकेशन कीज (विश्वासू आणि रद्द सर्टिफिकेटांच्या फाइलींची नावं), दोन्ही रिकाम्या करा.

बसवून झालं की बिल्ड फोल्डर लगेच पुसू नका, हलवूही नका. ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये या कर्नलच्या फोल्डरात ‘बिल्ड’ नावाची लिंक त्याच्याकडेच बोट दाखवते. ती तुटली की बाहेरचे मॉड्यूल, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सचे (कॉम्प्युटरात दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा तुमचा स्वतःचा ड्रायव्हर, कंपाइल होणार नाहीत.

पहिल्या बिल्डला वेळ लागेल. तोवर सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाऊन या, फक्त लॅपटॉप स्लीपमध्ये जाणार नाही तेवढं बघा.