सिग्नलला थरथरणारी गाडी आणि कार्बनचा संशय

प्रश्न : माझी 2017 ची पेट्रोल गाडी आहे, 46 हजार किलोमीटर झाले. मी शिक्षिका आहे. नाशिकला इंदिरानगरहून शरणपूर रोडला चार किलोमीटरवरच्या शाळेत जायचं आणि परत यायचं, एवढाच तिचा वापर. दोन महिन्यांपासून सकाळी सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटं अडखळते. मुंबई नाक्याच्या सिग्नलला एसी चालू असला की स्टिअरिंग थरथरतं. चालवताना मात्र काही जाणवत नाही. सर्व्हिसिंगला दिली तर म्हणाले, इंजिनात कार्बन झालाय, मशीन लावून काढावा लागेल, सहा हजार होतील. काढून घेऊ का?

उत्तर : ताई, लगेच होकार देऊ नका. कार्बन असेलही, तुमचा वापर बघता थोडा असणारच. पण तो कुठे बसलाय हे बघितल्याशिवाय सहा हजार देणं मला पटत नाही. थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागातला) कार्बन, वॉल्व्हच्या पाठीवरचा कार्बन आणि पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन, तिघांचे त्रास वेगळे आणि उपायही वेगळे.

हे मी एवढं ठासून सांगतो, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. सातपूरला गॅरेज टाकून मला पाच-सहा वर्षं झाली होती. पिंपळगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची गाडी आली, आयडलला, म्हणजे उभ्या उभ्या इंजिन चालू असताना, मिसिंग मारत होती, मध्येच एखादा सिलेंडर पेटत नव्हता. मी कान लावला, वॉल्व्हला कार्बन धरलाय असं ठरवलं आणि इंजिनचं हेड, म्हणजे वॉल्व्ह असतात तो वरचा भाग, उतरवलं. वॉल्व्हला कार्बन निघाला. वॉल्व्ह घासले, सीटवर बसवून लॅप केले, नवं गॅस्केट टाकलं, तीन दिवस गेले. गाडी सुरू केली तर मिसिंग तसंच. चौथ्या दिवशी इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलेंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या मागे व्हॅक्यूमचा एक रबरी पाइप सापडला, करंगळीएवढा, वाकतो तिथे खालच्या बाजूने चिरलेला. त्यातून इंजिन फुकटची हवा ओढत होतं. माणूस भला होता, काही बोलला नाही, पण ऐन छाटणीच्या दिवसांत त्याची गाडी माझ्याकडे अडकून पडली होती. तेव्हापासून आधी हवा, मग ठिणगी, आणि मगच कार्बन, हा क्रम मी सोडलेला नाही.

आता तुमच्या गाडीचं बघू. सिग्नलला थरथरली की आरपीएमच्या (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) काट्याकडे लक्ष द्या. काटा 750-800 च्या आसपास एका जागी स्थिर आणि गाडी मात्र हलतेय, तर इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरावर टेकलेलं असतं ते, खराब झालेलं असण्याची शक्यता जास्त. काटाच खालीवर होत असेल, तर दोष हवेत, ठिणगीत किंवा पेट्रोलच्या फवाऱ्यात आहे. या निरीक्षणाला एक रुपया लागत नाही आणि मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो.

एसी लावल्यावरच त्रास वाढतो, म्हणून माझा पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर आहे. तिच्यात रुपयाच्या नाण्यासारखी एक गोल पितळी झडप असते. आयडलला ती केसभरच उघडी असते. ती जिथे टेकते तिथे इंजिनच्या तेलाची वाफ आणि धूळ मिळून काळपट तपकिरी कडं तयार होतं, आणि त्या केसभर फटीतून जाणारी हवा अडते. एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की इंजिनला थोडी जास्त हवा लागते, ती वेळेवर मिळत नाही आणि आरपीएम गचकन खाली येतो. उपाय साधा आहे. थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर मारायचा आणि ते कडं पुसून काढायचं. फवारा थेट आत ओतायचा नाही. झडपेला मोटर असते, त्यामुळे किल्ली चालू ठेवून ती बोटाने ढकलायची नाही. रॉकेल किंवा साधं पेट्रोल अजिबात नको. पुसल्यावर आरपीएम काही वेळ चढलेला राहतो, कारण कॉम्प्युटरने घाणीचा हिशोब धरून झडप जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते. स्कॅनर लावून ती नव्याने शिकवून घ्या.

त्याच वेळी प्लग काढून समोर ठेवायला सांगा, इंजिन थंड असताना. फिकट तपकिरी किंवा राखाडी असतील तर उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर तो चार किलोमीटरच्या फेऱ्यांचा परिणाम असू शकतो. तेलकट ओला काळा प्लग दिसला तर मात्र तेल वर येतंय, रिंग किंवा वॉल्व्ह सील बघावं लागेल, आणि तिथे कुठलंही मशीन उपयोगाचं नाही. साध्या निकेल प्लगचं आयुष्य अनेक गाड्यांत 30 ते 40 हजार किलोमीटरच धरतात. तुमच्या जुन्या बिलांत प्लग बदलल्याची नोंद आहे का, ते बघा. नसेल तर आधी ते बदला.

राहिलं सकाळचं अडखळणं. तुमच्या इंजिनात पेट्रोल इनटेक वॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जातं, असं मी धरून चालतो. त्या वर्षीच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्या अशाच आहेत. त्या पाठीवर कार्बनचा थर असेल तर तो थंड असताना स्पंजसारखं पेट्रोल शोषून घेतो, सिलेंडरला कमी पोचतं आणि गाडी अडखळते. तापली की सुरळीत होते. तुमचं वर्णन याला जुळतं. अशा इंजिनात पॉलिइथरअमाइन असलेलं फ्युएल क्लीनर खरोखर काम करतं, कारण पेट्रोल त्या जागेवरूनच जातं. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला आणि ऑइल बदलायच्या आधीच्या टाक्यांत घाला. एका टाकीत जादू होत नाही, दोन-तीन टाक्यांनी फरक कळतो.

आणि रविवारी गाडी जरा लांब काढत जा. त्र्यंबकेश्वरला जाऊन आलात तरी पुरे. चार किलोमीटरमध्ये इंजिन नीट तापतच नाही. पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं, आणि त्याचीच वाफ परत इनटेकमध्ये जाते. सलग अर्धा-पाऊण तास चालली की ऑइल कोरडं होतं, आणि प्लगचं टोक साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापलं की त्यावरची काजळी आपोआप जळते. वॉल्व्हवर भाजून बसलेला थर मात्र पळवल्याने निघत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

एवढं करूनही त्रास राहिला, तर मशीनवाल्यांना म्हणा, आधी आणि नंतर बारीक कॅमेरा आत घालून वॉल्व्ह दाखवा. दाखवायला तयार असतील तर पैसे द्या.

प्रश्न : टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, 72 हजार किलोमीटर. गेल्या आठवड्यात मुंबईहून येताना कसारा घाटात चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, गाडी धक्के देत होती. इगतपुरीनंतर दिवा स्थिर झाला. स्कॅनरवर पी0302 आलं. मित्र म्हणतो, महागडं हाय ऑक्टेन पेट्रोल भर, कार्बन जळून जाईल. (ओझर)

उत्तर : तो दिवा लुकलुकतो तेव्हा गाडी तशीच दामटायची नसते. एक सिलेंडर पेटत नाही, त्याचं कच्चं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन जळतं आणि तो वितळू शकतो. पुढच्या वेळी पाय हलका करा, सुरक्षित जागा मिळताच थांबा.

पी0302 म्हणजे दुसऱ्या सिलेंडरचं मिसफायर. दुसऱ्याची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग, तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर, कोड पुसा आणि चढाला चालवून बघा. कोड पी0303 झाला तर कॉइल गेली, विषय संपला. तसाच राहिला तर प्लगची अदलाबदल करा, मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासा. घाटात जोर लागताना धक्के आणि सपाटीला सुधारणा, हे मी तरी आधी कॉइल-प्लगचं लक्षण मानतो.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग, म्हणजे अवेळी भडकून होणारी खटखट, सोसण्याची ताकद. त्याचा सफाईशी संबंध नाही. आणि तुमच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये जातं, इनटेक वॉल्व्हच्या पाठीला ते लागतच नाही, त्यामुळे टाकीत काहीही ओतलं तरी तिथला थर हलणार नाही. 72 हजारांवर तो साचलेला असू शकतो. कॅमेऱ्यात जाड दिसला, तर मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेच्या दाबाने मारून साफ करतात. अक्रोडच का, तर टरफल कार्बन खरवडण्याइतकं कडक असतं आणि धातूला ओरखडा पाडत नाही. ज्या सिलेंडरवर काम चालू आहे त्याचे वॉल्व्ह पूर्ण बंद आहेत, ही खात्री करणारा माणूस शोधा. भुगा आत गेला तर भलतंच काम निघेल.

प्रश्न : बीएस-6 डिझेल, रोज अंबड ते सातपूर. डीपीएफचा दिवा वारंवार लागतो. डीपीएफ काढून टाकला तर चालेल का?

उत्तर : नाही. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तो काढणं बेकायदा आहे, आणि ती काजळी आपल्याच पोरांच्या छातीत जाते. फिल्टरमधली काजळी जळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, एमआयडीसीतल्या वाहतुकीत ते होत नाही. दिवा लागला की आग्रा हायवेने पिंपळगावकडे निघा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालवा आणि मध्येच इंजिन बंद करू नका. दिवा तरीही गेला नाही तर ईजीआर वॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, तपासून घ्या. तो काजळीने अडकला की फिल्टर लवकर भरतो. फिल्टरची सफाई अर्धवट राहिली की त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून आज घरी गेल्यावर सपाट जागी डिपस्टिक काढून बघा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर हायवेला जायच्या आधी ऑइल बदला.