अमेरिकेतली क्राफ्ट दुकानांची साखळी हॉबी लॉबी एवढी मोठी कशी झाली? आमचं परभणीला क्राफ्टचं दुकान आहे, हिंगोलीला शाखा काढावी का?

उधारीवर काढणार असाल तर नका काढू. तोंडावरच सांगतो, कारण याच भानगडीवरून आमच्यात आणि काकांच्यात दिवाळीचं जाणं-येणं बंद झालंय.

आमचं दुकान नांदेडला वजिराबादेत. लेस, मोती, कुंदन, फ्रेमा, माल हैदराबादच्या बेगम बाजारचा. २०१७ च्या महालक्ष्म्यांत धंदा जोरात झाला म्हणून काकांनी लातूरला गाळा घेतला, आणि सीझनच्या आधी स्वस्त पडतात म्हणून थर्माकोलची मखरं उधारीवर गच्च भरून ठेवली. मी म्हणलं काका पहिलं वर्ष लेस-मोतीच ठेवू, रोखीनं. तर म्हणे "तुला काय कळायलंय, मोठं व्हायचं तर रिस्क घ्यावी लागती". मार्च २०१८ ला सरकारनं प्लास्टिकसोबत थर्माकोलवर पण बंदी आणली. मखरं पडून, व्यापाऱ्याचे फोन चालू. वर बारकोडचं मशीन घेतलेलं! बाई म्हणती पावणेदोन मीटर लेस द्या, आता त्या तुकड्याला स्टिकर कुठं चिकटवता? हॉबी लॉबीनं एवढी वर्षं बारकोडशिवाय धंदा केला, काउंटरवर किंमत हातानं मारायचे.

आता तुमचा प्रश्न. हॉबी लॉबीचा मालक डेव्हिड ग्रीन, त्यानं १९७० ला ६०० डॉलर कर्ज काढून घरीच छोट्या फ्रेमा बनवायला घेतल्या, १९७२ ला ओक्लाहोमा सिटीत ३०० स्क्वेअर फुटाचं दुकान टाकलं. इथं आमचा चुलतभाऊ लगेच म्हणतो, "बघ, त्यानं पण कर्जच काढलं की". अरे बाबा, ६०० डॉलर! आणि माल स्वतःच्या हातचा, दुसऱ्याची मखरं नव्हती. १९८५ ला तिकडं तेलाची मंदी आली तेव्हा ते पण तोट्यात गेलेच, पण त्यानंतर कर्जापासून लांब राहिले. आज ९०० च्या वर दुकानं, तरी मालकी घरातच, रविवारी सगळी बंद. उलट जोअॅन बघा, क्लीव्हलँडला १९४३ पासूनचं कापड-क्राफ्टचं नाव. २०११ ला गुंतवणूक कंपनीनं विकत घेतलं, डोक्यावर कर्ज चढलं, २०२४ आणि २०२५ ला दोनदा दिवाळं आणि शेवटी जवळपास ८०० दुकानांना कुलूप. ऑनलाइनचा फटका पण होताच, नुसत्या कर्जानं बुडालं असं म्हणणार नाही.

आणि ग्रीन मंडळी काही फार साधुसंत नाहीत, इराकमधून चोरट्या मार्गानं आलेल्या पुरातन वस्तू घेतल्या म्हणून २०१७ ला ३० लाख डॉलर भरावे लागले. धंद्यातली शिस्त तेवढी घ्या.

हिंगोलीचा गाळा भाड्याचा आहे का स्वतःचा ते लिहिलंच नाही तुम्ही. भाड्याचा असेल तर आधी दोन-तीन महिने महालक्ष्म्यांपुरता घेऊन बघा, पागडी देऊ नका. चुलतभाऊ पण या साइटवर असतो, वाचत असला तर वाचू दे.