जुनी फोर बाय फोर घेतलीस ना, मग आधी खालचं ऑइल बघ
भावा, गाडी मस्त आहे, पण लाइट बार अन् मोठे टायर नंतर. इंजिन ऑइल सगळेच बदलतात, दोन्ही डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलवरचे, डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) आणि ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) मात्र वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. उघडताना आधी भरायचा वरचा प्लग सैल कर, मगच खालचा काढ. मी एकदा उलटं केलं, ऑइल सगळं ट्रेमध्ये आणि वरचा प्लग गंजून घट्ट, दोन दिवस गाडी तशीच उभी.

निघालेलं ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, मग नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, सील आणि ब्रीदरची नळी (आतली हवा ये-जा करू देणारी) बघ, कारण गरम डिफरेन्शियल पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर चोंदलेला असला तर डिफरेन्शियल सीलमधूनच पाणी ओढतो. प्लगच्या मॅग्नेटवर बारीक राखाडी लगदा असणारच, घाबरू नको, पण बोटाला टोचणारे तुकडे लागले तर गिअरचं काम निघालं समज.

पार्ट टाइम सिस्टिम असेल, म्हणजे फोर व्हील गरजेपुरतंच लावायचं असेल, तर कोरड्या डांबरीवर फोर व्हील लावू नको, मातीवर मात्र महिन्यातून एकदा ते लावून चालव.

आणि प्लीज, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नकोस, स्टँड लाव, चाकांना ठोकळे लाव. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर असतो, मागचं एक चाक उचललं की तो गाडी धरतच नाही.