शेळ्या फळवायच्या कधी, बोकड विकायचा कधी?

प्रश्न : सिन्नर तालुक्यात चार एकर कोरडवाहू जमीन आणि १४ संगमनेरी शेळ्या आहेत. करडं तीन महिन्यांची झाली की व्यापारी दारात येतो, नगाला ३,५०० देतो. बायको म्हणते, बोकड बकरी ईदेपर्यंत सांभाळू. भाऊ म्हणतो, बोअर या परदेशी जातीचा बोकड आण. ताई, कोणाचं ऐकू?

उत्तर : वहिनींचं ऐका, दादा. पण त्यासाठी शेळी फळवतानाच, म्हणजे बोकड दाखवतानाच, ईदेची तारीख डोळ्यांपुढे हवी. कुर्बानीला बोकड वर्षाचा पुरा लागतो आणि गिऱ्हाईक तोंड उघडून दुधाचे पडून आलेले दोन मोठे दात बघतं. ते यायला सव्वा वर्ष धरा. बकरी ईद सध्या मे महिन्यात येते, म्हणजे करडू आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीतलं हवं. शेळी पाच महिने गाभण राहते, तेव्हा ती त्याआधी गणपतीच्या सुमारास फळलेली हवी. शिवारात तेव्हा चाराही असतो. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, तेवढं तुम्हीही सरका. पहिल्या खेपेला मी हे मोजलंच नाही. करडं जूनमध्ये झाली, ईदेला बोकड अकरा महिन्यांचे. येवल्याच्या बाजारातून सगळे परत आणले, टेम्पोचं भाडं अंगावर पडलं. त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आता खर्च. तीन महिन्यांनंतर वर्षभर रोज २०० ग्रॅम भरडा (जाडसर दळलेलं धान्य), म्हणजे ७३ किलो. ३० रुपये किलोने २,१९० झाले. तुरीचं भुस्कट घरचं, लस आणि जंताचं औषध वेगळं. बोकड २५ किलोचा भरला आणि किलोला ४०० चा भाव मिळाला तरी १०,००० होतात. मात्र सगळे ठेवू नका. लहानखुरी तीन-चार करडं तिसऱ्या महिन्यातच विका, त्या पैशांत उरलेल्यांपैकी पाच-सहा बोकडांचा भरडा निघतो.

विकताना स्वतःचा काटा ठेवा. बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो आणि व्यापाऱ्याची नजर आपल्यापेक्षा तयार असते. वजन माहीत असलं की आपण घाबरत नाही.

बोअर नको. त्याच्या करडांना वाढीला खुराक भरपूर लागतो, तुमच्याकडे कोरडवाहू रान. आपली संगमनेरी काटक आहे, करडांना पुरून घरच्या चहापुरतं दूध देते. गावातल्याच चांगल्या शेळीचा, जुळ्यातला बोकड निवडा आणि दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो स्वतःच्याच पाटींवर, म्हणजे वयात आलेल्या लेकींवर जातो.

शेजारी द्राक्षबाग असेल तर छाटणीचा पाला फुकट मिळतो म्हणून आणाल. फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय टाकू नका. माझी एक गाभण शेळी त्यातच गेली.

यंदा फळवायच्या तीन आठवडे आधीपासून प्रत्येक शेळीला रोज पाव किलो मक्याचा भरडा द्या. शेळ्या माजावर नीट येतात, जुळीही जास्त होतात.