पहिली आखाजी आणि वडिलांची घागर

भाऊ, वडील गेल्यानंतरची ही तुमची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, म्हणून सांगतो. आपल्या खान्देशात पितरांचा मोठा मान वैशाख शुद्ध तृतीयेलाच असतो. भाद्रपदातला पितृपक्ष करायचाच, पण पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायची ती आखाजीला.

मातीची घागर दोन दिवस आधीच आणा आणि रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरी घागर पाणी पिते, आणि ऐन पूजेत खालचे धान्य ओले होते. सकाळी ती भरून धान्यावर मांडा, वर खरबूज ठेवा, शेजारी सांजोरी आणि आंबे. खरबूज देठाकडून हुंगून घ्या. वास नसेल तर ते फिके निघते.

मग उंबरठा. ओल्या कुंकवात बोट बुडवायचे, एकेका पूर्वजाचे नाव घ्यायचे आणि एकेक बोट ओढायचे. इथेच बहुतेक जण अडतात. वडील, आजोबा येतात, पणजोबांपाशी गाडी थांबते. म्हणून आजच आत्याला किंवा थोरल्या काकांना फोन करून नावे लिहून घ्या, आजी-पणजीचीही. बायकांची नावे हमखास राहतात, हे मला पटत नाही.

आगारीला, म्हणजे पितरांसाठी निखाऱ्यावर घास टाकायला, गोवरीचा निखारा चांगला फुलू द्या. धुरकट निखाऱ्यावर तूप सोडले तर घरभर धूरच होतो. पुरणपोळी, आमरस, कुरडई, भजे, सगळ्याचा थोडा थोडा घास टाका, मगच पंगत बसवा.

विधीत घराघराचा फरक असतो. आईला विचारा, तिचे म्हणणे शेवटचे. आणि बहिणीला माहेरी आणायला आदल्या दिवशीच जा.