लोखंडी चुऱ्याची भिंत किती जाड हवी? आधी पाण्याचा वेग आणि दिशा मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कारखान्याच्या जुन्या जागेखालच्या भूजलात ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई हे क्लोरीनयुक्त विषारी द्रावक, लिटरमागे ५,००० मायक्रोग्रॅमपर्यंत आहे, सोबत त्याच कुळातलं विनाइल क्लोराइड २०० मायक्रोग्रॅम आहे. दूषित पाण्याच्या वाटेत लोखंडी चुऱ्याची भिंत पुरायची आहे, म्हणजे पाणी तिच्यातून झिरपताना लोखंड ही संयुगं तोडेल. प्रयोगशाळेतली कॉलम चाचणी (लोखंड भरलेल्या नळीतून दूषित पाणी सोडून ते किती वेळात साफ होतं ते पाहणं) झाली की तिच्यावरून भिंतीची जाडी ठरवता येईल का?

नाही येणार. कॉलम चाचणी उत्तराचा निम्मा भाग देते, आणि तोही सोपा. लोखंड हे काम करतं की नाही, याबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही. कॅनडात ओंटारिओतल्या बोर्डेन इथे वॉटर्लू विद्यापीठाच्या रॉबर्ट गिलहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रत्यक्ष जलधरात, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थरात, अशी भिंत घातली. तिच्यात वजनाने जेमतेम २२ टक्के लोखंड होतं, बाकी वाळू. तेवढ्यावरही सुमारे ९० टक्के टीसीई गेलं. पुढे १९९६ साली अमेरिकेत उत्तर कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीत ४६ मीटर लांब आणि ०.६ मीटर जाड भिंत घातली, तिने टीसीईबरोबर हेक्झाव्हॅलंट क्रोमियमही काढलं. रसायनशास्त्र दगा देतं अशी उदाहरणं थोडी आहेत. भिंती फसतात त्या बहुतेक पाण्याच्या चालीमुळे: पाणी टोकाला वळसा घालतं, तळाखालून जातं, किंवा एखाद्या भरड थरातून धरलेल्या वेगापेक्षा कितीतरी भरभर येतं.

तुमच्याच आकड्यांवर हिशोब करू. अमेरिकेतली पिण्याच्या पाण्याची मर्यादा टीसीईला ५ आणि विनाइल क्लोराइडला २ मायक्रोग्रॅम आहे, तीच उद्दिष्ट म्हणून धरतो. टीसीई हजारपट कमी व्हायला १० अर्धायुकाल (प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) लागतात. विनाइल क्लोराइड शंभरपट कमी व्हायला साधारण ६.६. चांगल्या दाणेदार लोखंडात खोलीच्या तापमानाला टीसीईचा अर्धायुकाल २ तास आणि विनाइल क्लोराइडचा ६ तास धरा. भूजल थंड असेल, १० ते १५ अंश, तर क्रियेचा वेग अंदाजे निम्म्यावर येतो, म्हणजे ४ आणि १२ तास. टीसीईला ४० तास पुरतात, विनाइल क्लोराइडला मात्र ८० लागतात. म्हणून जाडी ठरते ती टीसीईवरून नाही, सगळ्यात हळू तुटणाऱ्या घटकावरून. शिवाय टीसीईचा काही टक्के भाग तुटताना वाटेत सिस-डायक्लोरोइथिलीन होतो आणि त्यातून थोडं नवं विनाइल क्लोराइड तयार होतं. त्याचा वेळ वेगळा मोजावा लागतो. कॉलमच्या निकालांवर ही साखळी एकत्र बसवून घ्या, प्रत्येक संयुग सुटं धरू नका.

इथपर्यंत कॉलम पुरला. आता ८० तास, म्हणजे ३.३ दिवस, याला भिंतीतल्या पाण्याच्या वेगाने गुणायचं. तुमच्या वाळूची सरासरी पारगम्यता, म्हणजे पाणी वाहू देण्याची क्षमता, दिवसाला ५ मीटर आणि पाण्याचा उतार ०.००४ (मीटरमागे ४ मिलिमीटर) असेल, तर दर चौरस मीटरमागे दिवसाला ०.०२ घनमीटर पाणी येतं. लोखंडाची सच्छिद्रता (चुऱ्यातल्या मोकळ्या जागेचा वाटा) ०.५ धरली की भिंतीतला वेग दिवसाला ४ सेंटिमीटर, आणि जाडी निघते अवघी १३ सेंटिमीटर. आता त्याच जलधरात दिवसाला २० मीटर पारगम्यतेचा अर्ध्या मीटरचा भरड वाळूचा थर आहे असं समजा. तिथला वेग १६ सेंटिमीटर, जाडी ५३ सेंटिमीटर. त्यावर दीडपट सुरक्षा घेतली की ८० सेंटिमीटर. रसायन तेच, लोखंड तेच, आणि जाडी १३ वरून ८० वर गेली. दूषित पाण्याचा मोठा वाटा बहुधा याच थरातून येत असतो, त्यामुळे सरासरीवर बांधलेली भिंत नेमकी जिथे गरज तिथेच अपुरी पडते.

म्हणून माझा आग्रह असा की बजेटचा चांगला हिस्सा मोजमापावर घाला. भिंतीच्या नियोजित रेषेवर दर १० ते १५ मीटरला भोक पाडून मातीचा अखंड गाभा (उभा नमुना) काढा, आणि तो खालच्या चिकणमातीच्या थरात शिरेपर्यंत न्या. पारगम्यता मोजताना ०.५ ते १ मीटरच्याच जाळीच्या (जाळी म्हणजे नळीचा पाणी आत घेणारा भाग) विहिरी वापरा आणि खोलीनुसार स्लग चाचण्या घ्या, म्हणजे विहिरीतली पातळी एकदम बदलून ती किती वेळात पूर्ववत होते ते मोजा. पाच मीटर लांब जाळीतल्या पंपिंग चाचणीत भरड थर सरासरीत बुडून जातो. पाण्याचे नमुनेही याच छोट्या जाळ्यांतून घ्या. लांब जाळीतून स्वच्छ आणि दूषित पाणी एकत्र येतं, आणि तुमचे ५,००० मायक्रोग्रॅम प्रत्यक्षात कुठेतरी १५,००० असू शकतात.

उतार मोजताना एक चूक फार वेळा होते: भिंतीच्या दोन्ही बाजूंना मीटर-दोन मीटरवर विहिरी घेऊन पातळ्यांतला फरक काढतात. ०.००४ उताराला एका मीटरवर फरक पडतो ४ मिलिमीटर, आणि पातळी मोजायच्या टेपची अचूकताच सुमारे ३ मिलिमीटर. त्या आकड्याला काही अर्थ नाही. निदान तीन विहिरी त्रिकोणात, एकमेकींपासून ३० ते ५० मीटरवर ठेवा, त्यांच्या तोंडांची उंची नीट सर्वेक्षण करून घ्या, आणि वर्षभर दर महिन्याला मोजा. पावसाळी आणि कोरड्या ऋतूत प्रवाहाची दिशा फिरते, जवळ पंप चालत असतील तर जास्तच. दिशा ३० अंशांनी फिरली तर ५० मीटरची भिंत पाण्याला ४३ मीटरच आडवी पडते. उरलेलं पाणी टोकावरून निघून जातं.

कॉलम चाचणी मात्र नक्की करा, आणि जागेवरच्याच पाण्याने करा. शुद्ध पाण्यात टीसीई मिसळून घेतलेला निकाल गोड दिसतो, कारण त्यात बायकार्बोनेट, नायट्रेट आणि विरघळलेली सिलिका नसते, आणि हीच लोखंडाचा पृष्ठभाग झाकतात. नमुना बाटलीत हवेचा बुडबुडा न ठेवता भरा. काचेचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा ५० ते १०० सेंटिमीटर लांब कॉलम, बाजूला ठरावीक अंतरावर नमुना काढायची तोंडं, पाण्याचा वेग शक्यतो जागेवरच्या वेगाच्या आसपास. पहिल्या काही फेऱ्यांत दिसणारी घट लोखंडावर चिकटण्यामुळेही असते, म्हणून आकडे स्थिर होईपर्यंत चालवा. त्याला कॉलममधल्या पोकळ्यांत एका वेळी मावतं त्याच्या चाळीसएक पट पाणी सहज लागतं. आणि ज्या पुरवठादाराचं लोखंड भिंतीत जाणार, तेच कॉलममध्ये भरा.

लोखंड घेताना ०.३ ते २.४ मिलिमीटर दाण्याचा चुरा बघा. फार बारीक घेतलं तर क्रिया वेगाने होते पण पाणी अडतं. यंत्रकामातून निघालेल्या चुऱ्यावर कटिंग ऑइलचा थर असतो, तो काढलेला नसेल तर लोखंडाला पाणी भिडतच नाही. तेल जाळून किंवा धुऊन काढल्याचा चाचणी अहवाल मागा. अशा चुऱ्याची स्वतःची पारगम्यता दिवसाला ४० मीटरच्या आसपास असते. तुमचा जलधर वाळूचा आहे म्हणून ठीक, पण भोवती दिवसाला १०० मीटरची खडी असेल तर भिंत उलट बांध ठरते आणि पाणी तिला वळसा घालतं.

प्रमाणाचा अंदाज म्हणून सांगतो: ५० मीटर लांब, ५ मीटर भरणा, ०.८ मीटर जाडी म्हणजे २०० घनमीटर, घनमीटरला सुमारे अडीच टन धरले तर ५०० टन लोखंड. खर्च वाचवायला वाळू मिसळतात. तसं करायचं असेल तर मिश्रण चराच्या तोंडावरून ओतू देऊ नका. लोखंडाची घनता वाळूच्या जवळजवळ तिप्पट असल्यामुळे पडताना दोन्ही वेगळी होतात आणि भिंतीत निव्वळ वाळूच्या खिडक्या राहतात. ट्रेमी पाइप, म्हणजे भरणा थेट तळाशी सोडणारी उभी नळी, तळाशी नेऊन भरा.

चराच्या बाजू कोसळू नयेत म्हणून ग्वार गमचं (गवारीच्या गोंदाचं) द्रावण वापरलं तर भरणा झाल्यावर एन्झाइम घालून द्रावण फिरवा, आणि गोंद मोडल्याची खात्री चिकटपणा मोजून करा. न मोडलेला गोंद भिंतच बुजवतो. चराच्या बाजू धरायला शीट पाइल (पोलादी पत्रे) ठोकले तर चिकणमातीचे पातळ थर बाजूंवर लिंपले जातात. आतलं लोखंड मोकळं असूनही मग पाणी आत शिरत नाही. तळ चिकणमातीत निदान ३० सेंटिमीटर रुतवा, आणि तो थर सलग आहे हे आधीच्या गाभ्यांवरून पक्कं करा.

भिंत सुरू झाल्यावर आतला सामू (पीएच) ९ ते १० च्या वर जातो, ऑक्सिडेशन-रिडक्शन विभव (पाणी किती ऑक्सिडीकारक आहे त्याचं माप) उणे ३०० मिलिव्होल्टच्या खाली उतरतं आणि हायड्रोजन सुटतो. कार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात कॅल्साइट आणि लोखंडाची कार्बोनेटं बसू लागतात, पण ती मुख्यतः पाणी शिरतं त्या पहिल्या काही सेंटिमीटरांत. तिथे खडी आणि १०-१५ टक्के लोखंडाचा पूर्वथर दिला की मूळ भिंत बरीच वाचते. एलिझाबेथ सिटीची भिंत १५ वर्षांनंतरही काम करत होती, तेव्हा साकळण्याच्या भीतीने बेत सोडू नका. मात्र पाण्यात १,२-डायक्लोरोइथेन, डायक्लोरोमिथेन किंवा बेन्झिन असेल तर लोखंड त्यांना हात लावत नाही. त्यांची तपासणी आधी करा.

देखरेखीच्या विहिरी पाच जागी हव्यात: वरच्या अंगाला (पाणी भिंतीत शिरतं त्या बाजूला), भिंतीच्या आत, खालच्या अंगाला (पाणी बाहेर पडतं त्या बाजूला), दोन्ही टोकांपलीकडे, आणि तळाखाली. भिंतीआतली विहीर सर्वांत बोलकी असते, कारण खालच्या अंगाच्या मातीत आधीच मुरलेलं टीसीई वर्षानुवर्षं झिरपत राहतं. खालच्या विहिरीत टीसीई दिसलं म्हणून भिंत फसली असं धरू नका. आत सामू चढलेला आणि टीसीई उतरलेलं असेल तर भिंत चालू आहे. उलट, आत सगळं आदर्श असताना टोकापलीकडच्या विहिरीत आकडा चढू लागला तर पाणी वळसा घालतंय, आणि तेव्हा भिंत लांबवण्याचं काम लगेच हाती घ्या.